पाडायला काय लागतंय?

बाबांचं जुनं घर पाडून तिथंच नवं बांधायचं ठरलं तेव्हा नव्या घराच्या नकाशावरून आम्ही चार महिने भांडलो. खिडकी इकडे की तिकडे, जिना आतून की बाहेरून, सगळं झालं. आणि जुनं घर पाडणार कोण हा विषय मात्र एका वाक्यात संपवला, की बघू कोणीतरी, पाडायला काय लागतंय. हे वाक्य माझंच होतं त्यामुळे दुसऱ्या कोणावर ढकलता येत नाही.

घर दोन मजली. खालचा मजला जुना, जाड विटांच्या भिंती, कॉलम-बिलम काही नाही, म्हणजे सगळं वजन भिंतींवरच. मधलं छत लोखंडी गर्डरवर. वरचा मजला नंतर कधीतरी चढवलेला, त्यावर काँक्रीटचा स्लॅब. मागे एक शेड, करड्या सिमेंटच्या पत्र्यांची. आणि डावीकडची भिंत आमची आणि शेजारच्या काकूंची मिळून एकच. हे सगळं मी आता असं सराईतासारखं लिहितेय पण तेव्हा यातलं मला निम्मंसुद्धा माहीत नव्हतं, मला फक्त "जुनं घर, दोन मजले" एवढंच सांगता यायचं आणि तेवढंच मी फोनवर सांगत सुटले होते.

पहिल्या ठेकेदाराने तेवढ्यावरच फोनवर रेट सांगितला. किती स्क्वेअर फूट, दोन मजले ना, दोन दिवसांत सपाट करून देतो. मी खूश. मग तो बघायला आला, आणि गंमत म्हणजे त्याने भिंतीकडे एकदाही बघितलं नाही, तो दारं मोजत होता. खिडक्यांच्या चौकटी नखाने खरवडून लाकूड कुठलं ते बघितलं, जिन्याचा कठडा हलवून बघितला, गर्डर किती ते मोजलं. मागच्या शेडबद्दल विचारलं तर म्हणाला, पत्रे काय, लाथ मारली की खाली. आणि जाताना मला विचारतो, "घरात कोणी माणूस आहे का, व्यवहाराचं बोलायला?" म्हटलं मीच आहे. मग म्हणाला विचार करून सांगा.

त्याचा रेट इतका कमी का ते मला नंतर कळलं. पाडकामात भंगाराचा हिशोब वेगळाच असतो. सळया, गर्डर, जुनं चांगलं लाकूड, दारं-खिडक्या, तांब्याच्या वायरी, आख्ख्या निघाल्या तर विटासुद्धा, या सगळ्याला गिऱ्हाईक असतं. कोटेशनमध्ये "निघालेला माल ठेकेदाराचा" ही एक ओळ असली की त्याची निम्मी कमाई तिथंच. त्यात चूक काही नाही, पण ते आपल्याला माहीत पाहिजे आणि रेटमधून वजा झालं पाहिजे. याच्या कागदावर ती ओळ नव्हतीच, तो तोंडानेही बोलला नव्हता, नुसता मोजून गेला होता.

दुसऱ्याकडे स्वतःचं पोकलेन होतं, ऑफिस होतं, फाईलमध्ये प्लास्टिकच्या खिशात घातलेली कागदपत्रं होती. लायसन्स आहे, विमा आहे, सगळं आहे. मी झेरॉक्स मागितली, त्याने लगेच दिली सुद्धा. घरी आल्यावर निवांत वाचली तर विम्याची तारीख चार महिन्यांपूर्वीच संपलेली. बरं रिन्यू करायचा राहिला असेल म्हणून पुढे वाचत गेले तर आत बारीक अक्षरात लिहिलेलं, की हा विमा बांधकाम आणि दुरुस्तीच्या कामाला लागू, पाडकाम वगळून. म्हणजे तारीख चालू असती तरी आमच्या कामाला त्याचा उपयोग शून्य होता. शेजाऱ्यांची भिंत पडली असती तर भरपाई कोणी दिली असती हे वेगळं सांगायला नको. त्याला फोन करून विचारलं तर म्हणे "ताई, आजवर कोणी एवढं वाचलं नाही." ते खरं असणार.

इथे मी जरा घाबरले आणि नव्या घराच्या आर्किटेक्टला विचारलं. तिने आमच्याच भागात काम करणारे दोघं सांगितले, त्यातल्या एकाने फोन उचललाच नाही, दुसऱ्याने उचलला आणि म्हणाला फोनवर रेट सांगत नाही, बघायला येतो, आणि जुना नकाशा असेल तर काढून ठेवा. नकाशा नव्हता. मग बाबांना बोलवा म्हणाला, घर ज्याने वापरलंय त्याला विचारायचंय.

तो आला तो टॉर्च, एक छोटा हातोडा आणि सोबत एक पोरगा घेऊन. सुरुवात वरून केली, गच्चीपासून. स्लॅबच्या कोपऱ्याचं प्लॅस्टर ठोकून सळई कितीची आहे, किती गंजलीय ते बघितलं. मग एकेक भिंत ठोकत खाली आला आणि सारखे प्रश्न. वरचा मजला कधी चढवला? तेव्हा खाली काही नवीन टेकू दिला होता का? या भिंतीत पूर्वी दार होतं का, बुजवलंय का? पाण्याची लाईन कुठून येते, संडासची टाकी कुठे, एकच आहे की आधी दुसरी होती? बाबा पहिल्या दहा मिनिटांत वैतागले, नंतर मात्र त्यांना मजा यायला लागली, कारण घराबद्दल इतकं त्यांना आजवर कोणी विचारलंच नव्हतं. टाकीचं म्हणाल तर बाबांनी ठामपणे सांगितलं, एकच, मागच्या बाजूला. हे लक्षात ठेवा.

मग तो कॉमन भिंतीपाशी थांबला आणि बराच वेळ तिथंच. म्हणाला शेजारी जाऊन पलीकडून बघता येईल का. मी काकूंना विचारलं, त्या हो म्हणाल्या, आम्ही सगळे पलीकडे. तिथून परत आल्यावर त्याने आमच्या छताचे गर्डर दाखवले. चार गर्डर, आणि चारहीची डावी टोकं त्या कॉमन भिंतीत घुसलेली.

"ताई, ही भिंत तुमची एकट्याची नाही, आणि तुमचं छत हिच्यात अडकलंय."

मग त्याने हातातला हातोडा टेबलाच्या कडेवर आडवा धरून दाखवलं. मशीनने हे टोक खाली ओढलं की गर्डर पहारीसारखा वर उचलतो, आणि आत घुसलेलं टोक भिंतीच्या विटा उचकटतं. आपल्या बाजूने नाही, पलीकडच्या बाजूने. काकूंच्या कपाटाच्या वर. म्हणून आधी गर्डरला खालून टेकू द्यायचे, वरचं सगळं हाताने उतरवायचं, मग भिंतीपासून वीतभर अंतर सोडून गॅस कटरने गर्डर कापायचे आणि ती वीतभर टोकं भिंतीत तशीच राहू द्यायची. भिंतीपासून साधारण दीड मीटरपर्यंत मशीन लावायचंच नाही, छिन्नी आणि हातातला ब्रेकर. त्याच्यापुढे पोकलेन.

पहिल्याच्या "दोन दिवसांत सपाट"मध्ये काकूंची भिंतही होती हे तेव्हा माझ्या डोक्यात शिरलं.

मागच्या पत्र्यांना त्याने हात लावला नाही. म्हणाला हे ॲसबेस्टॉस असणार, पण आधी तपासून घेऊ, आणि मी ते काढणार नाही, ते काम नीट येणारी वेगळी टीम आणावी लागेल. लॅबमध्ये तुकडा दिला, निघालं ॲसबेस्टॉसच. या सिमेंटच्या पत्र्यांत साधारण दहा ते पंधरा टक्के ॲसबेस्टॉस असतं, पत्रा शाबूत असेपर्यंत ते सिमेंटमध्ये बांधलेलं असतं, फोडला की तंतू हवेत. आजार दिसायला 20 ते 40 वर्षं जातात, म्हणून लाथ मारणाऱ्याला त्या दिवशी काहीच होत नाही. त्या टीमने पत्रे आधी भिजवले, बोल्ट कापून एकेक पत्रा आख्खा खाली घेतला, जाड प्लास्टिकमध्ये गुंडाळून चिकटपट्टी लावली आणि वेगळ्या गाडीने नेले. अर्धा दिवस. मी लांबूनच बघितलं.

हे सगळं सांगण्याच्या ओघात आधी आलं, पण माणूस मी तेवढ्यावर पक्का केला नव्हता. मी त्याला विचारलं की सध्या कुठे काम चालू आहे, त्याने पत्ता दिला आणि मी त्याला न सांगता गेले. चहूबाजूंनी पत्र्याचं कुंपण, वर हिरवी जाळी, एक पोरगा सतत पाण्याचा पाईप धरून धूळ दाबत होता. त्या धुळीत सिलिका असते, जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने तिला आणि ॲसबेस्टॉसला, दोघांनाही कर्करोग नक्की करणाऱ्या पहिल्या गटातच टाकलंय, तर पाणी मारणं म्हणजे काही शोभा नाही. मुकादम एका माणसावर जीव तोडून ओरडत होता कारण तो काम चालू असलेल्या छताखालून शॉर्टकट मारत होता. खरं सांगू, मला त्या शिव्या ऐकून बरं वाटलं. तिथल्या मालकाशीही बोलले. तो म्हणाला काम चोख आहे, पण राडारोडा उचलायला सांगितलेल्या दिवसापेक्षा उशीर लावतो. ही तक्रार ऐकूनच उलट विश्वास बसला, सगळं गोडच बोलला असता तर मला वाटलं असतं मेहुणाच असेल.

आता कोटेशन. तीन कागद समोर ठेवले तर तिसरा सगळ्यात महाग, पहिल्याच्या जवळजवळ दुप्पट. घरात अर्थातच आरडाओरडा. मग मी वही घेऊन बसले आणि लक्षात आलं की तिघांनी तीन वेगळ्या कामांचे रेट दिलेत. पहिल्याचं काम जोत्यापर्यंत, पाया जमिनीत तसाच राहणार. दुसऱ्याचं पायासकट, पण राडारोड्याच्या सहाच खेपा धरलेल्या, पुढची प्रत्येक खेप एक्स्ट्रा. तिसऱ्याने सगळं धरून सोळा खेपा लिहिलेल्या. सहा की सोळा, कोण खोटं बोलतंय ते बघायला मी हिशोब केला. भिंती लांबी गुणिले उंची गुणिले जाडी करून, दारं-खिडक्या वजा करून, साधारण 55 घनमीटर वीटकाम. एका घनमीटरचं वजन 1900 किलोच्या आसपास, म्हणजे शंभर टनांच्या वर. स्लॅब साधारण 70 चौरस मीटर, जाडी 12 सेंटिमीटर, काँक्रीट घनमीटरला 2400 किलो, म्हणजे आणखी वीस टन. झाले सव्वाशे. दहा टनांची गाडी धरली तर बारा-तेरा खेपा इथंच झाल्या, आणि यात पाया, फरशा, जिना काहीच नाही. शिवाय फोडलेला माल फुगतो, मधे पोकळी राहते, त्यामुळे वजन भरायच्या आधीच गाडी काठोकाठ दिसायला लागते. सहा खेपांचा आकडा बहुतेक मला सही करायला लावण्यासाठी होता. दुसऱ्याच्या कागदात उरलेल्या दहा खेपा त्याच्याच एक्स्ट्रा रेटने मिळवल्या तर तो तिसऱ्याच्या पुढे जात होता. आरडाओरडा थांबला.

करार त्याने आणलेला एक पानाचा होता, मी आणि आर्किटेक्टने तो साडेतीन पानांचा केला. कुठपर्यंत पाडायचं (पायाचा तळ), निघालेला माल कोणाचा (लोखंड त्याचं, सागवानी दारं आणि जिन्याचा कठडा आमचा), कामाच्या वेळा, दुसऱ्या कोणाला काम परस्पर द्यायचं नाही, शेजाऱ्यांचं नुकसान झालं तर तो आणि त्याचा विमा. विम्याची मूळ प्रत मी बघितली, विमा कंपनीला फोन करून चालू आहे का तेही विचारलं. पैसे टप्प्यांत, सुरुवातीला थोडे, वरचा मजला उतरल्यावर, जमीन मोकळी झाल्यावर, आणि शेवटचा दहावा हिस्सा राडारोडा अधिकृत जागी टाकल्याच्या पावत्या हातात आल्यावर. या पावत्यांवर आर्किटेक्ट अडून बसली होती. माल कुठेतरी ओढ्यात किंवा रस्त्याकडेला पडला तर बऱ्याच ठिकाणी नोटीस प्लॉटच्या मालकालाही येते.

परवानगीचा अर्ज, स्ट्रक्चरल इंजिनियरचं पत्र, वीज-पाणी-गॅस तोडल्याचे दाखले, यात पाच आठवडे गेले. त्याबद्दल लिहिण्यासारखं काही नाही, रांगा होत्या. एक सोडून. वीज कंपनी मीटर काढून घेऊन गेली, दाखला दिला, म्हटलं झालं. ठेकेदार पहिल्या दिवशी आला आणि तरीही टेस्टर घेऊन घरभर फिरला. मला वाटलं काय हा नाटकीपणा. तर मागच्या शेडमधल्या एका बोर्डात टेस्टरचा लाईट लागला. मीटर नाही आणि करंट आहे! बाबांना फोन केला, तर शांतपणे म्हणतात, हो, ती लाईन काकूंच्या घरातून घेतलीय, एकदा आपली वीज गेली होती तेव्हा तात्पुरती घेतली होती. तात्पुरती म्हणजे वीस वर्षं तरी झाली असतील. काकूंनाही आठवत नव्हतं. ती त्यांच्या बाजूने तोडून मगच काम सुरू झालं.

त्याच्या आधी त्याने काकूंच्या घराचे फोटो काढले होते, प्रत्येक खोली, प्रत्येक भेग, शेजारी पट्टी धरून आणि तारखेसकट. दोन भेगांवर काचेची पट्टी चिकटवली, भेग हलली तर काच तडकते. काकूंना आधी राग आला, माझ्या घराचे फोटो कशाला. चौथ्या दिवशी त्या आल्या, बघ गं बाई, भिंतीला तडा गेला. फोटोत तो तडा आधीपासून होता. दोन दिवसांनी परत आल्या, खिडकीच्या कोपऱ्यात आणखी एक, आणि हा फोटोत नव्हता. ठेकेदाराने वाद घातला नाही, बघितलं, प्लॅस्टरपुरताच आहे म्हणाला आणि शेवटी भरून रंगवून दिला. फोटो नसते तर पहिल्या तड्यावरूनच भांडण झालं असतं आणि दुसऱ्याचं कोणी ऐकलं नसतं.

काम वरून खाली. स्लॅब तुकड्या-तुकड्याने, आणि फोडलेला माल मधल्या मजल्यावर साठू द्यायचा नाही, लगेच खाली. हे मी विचारलं होतं, रोज दोनदा खाली टाकण्यापेक्षा एकदम का नाही, तर म्हणाला या छतावर पाच टन ठेवले की आपल्या आधी तेच खाली जाईल, आणि आत जे असतील ते पण.

आठव्या दिवशी काम बंद. स्वयंपाकघराची फरशी काढताना खाली पोकळ आवाज आला म्हणून त्याने मशीन मागे घेतलं. मी चिडले, कारण नव्या कामाचा मुहूर्त नाही तरी बँकेची तारीख होती. फरशीखाली काँक्रीटचं झाकण, त्याखाली टाकी. जुनी संडासची टाकी, जी नव्हतीच! बाबा आले, टाकीकडे बघितलं, आणि म्हणाले, "अरे हो, ही आधीची."

मशीन बरोबर तिच्यावर येणार होतं. शिवाय बंद टाकीत विषारी वायू साठतो, जास्त असला की नाक बधिर होतं आणि वाससुद्धा येत नाही, त्यामुळे झाकण उघडून माणूस उतरवायचा प्रश्नच नव्हता. टँकरने उपसली, मोकळी हवा लागू दिली, मग मशीननेच फोडून बुजवली. याचे पैसे वेगळे. करारात "न दिसणारं काही निघालं तर आधी लेखी रेट, मग काम" असं कलम होतं, त्यामुळे लेखी रेट आला, मी तरी घासाघीस केली, तो म्हणाला ताई मी पहिल्याच दिवशी विचारलं होतं. यावर मला बोलायला जागा नव्हती. टँकरचे आम्ही दिले, भरावाचे त्याने सोडले.

सतराव्या दिवशी जागा मोकळी झाली. मोकळा प्लॉट घरापेक्षा लहान दिसतो, हे मला कोणी आधी सांगितलं नव्हतं. डावीकडे काकूंची भिंत, म्हणजे आमची दोघींची, तिच्यावर आमच्या खोल्यांचे रंग जसेच्या तसे, खाली पिवळा, वर निळा, मधून जिन्याची तिरकी नक्षी. आणि छताच्या रेषेत चार लोखंडी टोकं, वीत-वीतभर. पाऊस लागू नये म्हणून त्याने भिंतीला सिमेंटचा हात मारून दिला तेव्हा ते रंग गेले, टोकं आहेत.

सोळा खेपांचा अंदाज होता, झाल्या सतरा. उशीरही लावला, त्या मालकाने सांगितलं होतं तसाच, नऊ दिवस. सोळा पावत्या आल्यात. सतरावी गाडीवाल्याकडे राहिली आहे असं तो गेले तीन आठवडे सांगतोय आणि त्याचा शेवटचा हप्ता माझ्याकडे आहे.